म्युझिक कुटुंबाची बागेला भेट

आयझेटा आत्याचं म्हणणं एवढंच होतं, की मरायच्या आधी एकदा आईजवळ जाऊन बसायचंय. त्यात बस, टी-शर्ट, पोलीस आणि एका परक्या मुलीचं लग्न कुठून शिरलं, हे थॅडियस मास्तरांना आजही धड सांगता येत नाही. घडलं ते सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत, बरंचसं तर त्यांच्याच हातून. पण सबंध नोकरी उपमुख्याध्यापक म्हणून काढलेल्या माणसाची अशी एक समजूत असते, की रांग नीट लावली की जगात काहीही सुरळीत पार पडतं. मुख्याध्यापक होणाऱ्यांची अशी समजूत नसते. बहुधा म्हणूनच ते मुख्याध्यापक होतात.

आत्याच्या यकृतात काहीतरी वाढत होतं. डॉक्टर म्हणाले, "आता त्यांना आवडेल ते खाऊ द्या," आणि घरात ज्याला जे कळायचं ते कळलं. आत्यालाही कळलं. तिने तळलेला मासा आणि लाल भात मागवला, चवीने खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाली, "थॅडी, मला आईच्या शेजारी पुरायचं की गावातल्या दफनभूमीत, ते मी जागा बघून ठरवणार. न बघता मी आयुष्यात कलिंगडसुद्धा घेतलं नाही."

तिची आई, सोफ्रोनिया मझीक, कॉर्डेलिया बागेच्या मागे नदीकाठी पुरलेली. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चार्ल्सटनहून गाडीने तासाभराच्या आत. आत्याचा जन्म तिथल्याच लाकडी खोपट्यांच्या ओळीतला. मझीकांच्या कित्येक पिढ्यांनी त्या मातीतलं तण उपटलं. आधी गुलाम म्हणून चाबकाखाली, मग स्वातंत्र्य मिळाल्यावर पोटासाठी. पुढे मालकाने सगळ्यांना उठवलं, हवेलीला पांढरा रंग दिला, मोर आणून सोडले आणि फाटकावर तिकीट लावलं. आत्या तेव्हा लग्नाच्या वयाची होती. त्यानंतर ती तिकडे फिरकली नव्हती.

मास्तरांनी रीतसर फोन केला. बागेच्या कार्यालयातल्या बाईंचा आवाज मधात बुडवून काढल्यासारखा होता. त्या म्हणाल्या, नदीकडचा तुकडा आम्ही शेजारच्या गोल्फवाल्या वसाहतीला विकलाय, दफनभूमी असलीच तर त्यांच्याकडे असेल. वसाहतीतला माणूस म्हणाला, जमीन आमची, पण जायचा रस्ता बागेचा. शिवाय तिथे दफनभूमी असल्याची आमच्याकडे काही नोंद नाही. तुमच्याकडे आहे का?

"माझ्याकडे आत्या आहे," मास्तर म्हणाले.

"त्या कागदावर कुठे आहेत का?"

मास्तरांनी पुन्हा बागेला फोन लावला. तो मधाळ आवाज म्हणाला, "अहो, पण बाग तर सगळ्यांना खुली आहे! शनिवारी तिकीट काढून या ना! फुलं बघा!"

ठरलं असं, की शनिवारी मास्तर, त्यांची बायको वर्डेल आणि आत्या, तिघांनी आपल्या गाडीतून जायचं, फुलं बघत बघत मागे सरकायचं आणि जमलं तर नदीपर्यंत पोचायचं. बेत साधा होता. तो बिघडला शेजारच्या रूफसमुळे. रूफस कुंपणावर कोपर टेकून सल्ले देणारा माणूस. त्याने कधी स्वतःच्या दाराचं कुरकुरणं थांबवलं नाही, पण दुसऱ्याच्या घराचं छप्पर कसं घालावं हे त्याला तोंडपाठ.

"एकटी म्हातारी घेऊन गेलात तर हाकलतील, मास्तर. माणसं न्या. माणसं दिसली की लोक दबकतात. माझ्या मेव्हण्याच्या चर्चची बस आहे, सांगू का त्याला?"

मास्तरांच्या तोंडून "बघू" गेलं. रूफसच्या भाषेत "बघू" म्हणजे होकार. बस येणार म्हटल्यावर ती रिकामी कशी न्यायची, म्हणून वर्डेलने बहिणीला विचारलं. बहिणीने गावभर केलं. शुक्रवारी फिलाडेल्फियाहून मास्तरांचा चुलतभाऊ लमार सहकुटुंब येऊन धडकला आणि दारातच म्हणाला, "आमच्याकडे असं काही असतं तर एव्हाना कोर्टात खेचलं असतं." लमार तरुणपणीच उत्तरेला गेलेला. दर वर्षी येऊन तो दक्षिणेत काय काय चुकतंय ते सांगायचा आणि जाताना इथल्या कोळंबीचा डबा भरून न्यायचा.

एवढी माणसं बागेत हरवतील म्हणून वर्डेलने टी-शर्ट छापायला टाकले, तेही फोनवरून. मझीक हे आडनाव मुळात कुणा मालकाचं. त्याच्या लिखाणाचं आणि उच्चाराचं पहिल्यापासून पटलेलं नाही. शनिवारी सकाळी खोकी फोडली, तर आतून जांभळ्या कापडावर सोनेरी अक्षरांत, छातीभर: म्युझिक फॅमिली.

वर्डेल खाली बसली. "मी नीट सांगितलं होतं रे. मझीक, म्हटलं. तो म्हणाला, हो हो, कळलं."

यातला खरा अपमान बाहेरच्याला कळायचा नाही. साऱ्या जिल्ह्यात गाता न येणारं एकच कुटुंब होतं आणि ते मझीकांचं. चर्चमध्ये त्यांना पिढ्यान्पिढ्या दारावर उभं राहायचं काम दिलेलं होतं, ते काही उगाच नव्हे. पण दुसरे टी-शर्ट नव्हते आणि बससमोर रांग लागून गेली होती. सगळ्यांनी ते अंगात चढवले. फक्त आत्याने पांढरा झगा आणि रविवारची टोपी घातली. "मी कोण आहे ते मला पाठ आहे," ती म्हणाली.

बसमधलं थंड हवेचं यंत्र बंद होतं. दार आतून उघडत नव्हतं. जून महिना, दमट हवा, आणि लमार दर वळणावर म्हणे, "ही बस आमच्याकडे रस्त्यावर येऊच दिली नसती." आत्या खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिच्या चेहऱ्याचा रंग मातकट झाला होता. वर्डेल तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवी आणि आत्या तो काढून मांडीवर ठेवी. कॉर्डेलियाच्या फाटकातून आत शिरल्यावर दुतर्फा ओकची झाडं लागली, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "झाडं फार मोठी झाली," ती म्हणाली. आणि मग, "मला जाऊन यायचंय."

पण हवेलीतलं स्वच्छतागृह बंद होतं. तिथे आज नवरीच्या मैत्रिणींचा शृंगार चालला होता. म्हणजे आज बागेत लग्न होतं. ही गोष्ट त्या मधाळ आवाजाने फोनवर सांगितली नव्हती. पर्यटकांसाठी दुसरी सोय कुठे आहे ते हवेली दाखवून झाल्यावर सांगू, असं माहिती देणाऱ्या मोत्याच्या माळेतल्या बाई म्हणाल्या. त्यामुळे मझीकांनी घामाने निथळत ती हवेली बघितली.

मास्तर मुळात व्याकरण शिकवणारे. दुसऱ्याच दालनात त्यांच्या लक्षात आलं, की बाईंच्या बोलण्यात कर्ताच नाही. झुंबर आणलं गेलं होतं. तळी खोदली गेली होती. भात पिकवला गेला होता, विटा भाजल्या गेल्या होत्या. सगळी इस्टेट कर्मणी प्रयोगात उभी राहिली होती.

न राहवून मास्तरांनी हात वर केला. "बाई, तळं खोदलं कुणी?"

"त्या काळच्या लोकांनी," बाई हसून म्हणाल्या.

"कुठल्या लोकांनी?"

"थॅडी," आत्या मागून म्हणाली, "त्यांना सोड. मला जाऊन यायचंय."

मागच्या बागेच्या तोंडाशी मखमली दोर लावला होता आणि पाटी होती: खासगी समारंभ. दोरापलीकडे हिरवळ, पांढऱ्या खुर्च्या, त्यापलीकडे उंच कुंपणवेल, आणि वेलीच्या मागे नदीवरचं ते पांढुरकं ऊन. आत्या दोराजवळ काठी टेकून उभी राहिली. मास्तर पाटीसमोर हतबल उभे. पाटीच्या विरुद्ध वागायचं म्हणजे काय करायचं असतं, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

तेवढ्यात कानात यंत्र खोचलेली एक मुलगी धावत आली. लग्नाची सगळी व्यवस्था तिच्याकडे होती. तिने जांभळे टी-शर्ट बघितले, त्यावरचं वाचलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आलात एकदाचे! मला वाटलं होतं झगे घालून याल. असू दे. नवरी निघालीय! चला, चला! आजी पण गातात का? अगं बाई, त्यांना चालवू नका, ही गाडी घ्या!"

मास्तरांनी आयुष्यात आजारी पडल्याचं खोटं कारण देऊन कधी रजासुद्धा घेतली नव्हती. त्यांनी घसा खाकरला. "बाई, थोडा गैरसमज होतोय. आम्ही मुळात..."

आत्याने त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला, की बोलणं तिथेच तुटलं. "तोंड उघडलंस तर बघ," ती पुटपुटली. मुलीने दोर सोडला. वर्डेलने आत्याला बॅटरीवरच्या छोट्या गाडीत बसवलं, स्वतः चालवायला बसली आणि कुणी काही म्हणायच्या आत कुंपणवेलीमागे दिसेनाशी झाली. बाकीच्या मझीकांना त्या मुलीने हिरवळीच्या कडेला उंचीप्रमाणे उभं केलं. पाहुणे वळून वळून बघू लागले. खुर्च्यांच्या मागे नवरीसाठी थांबलेल्या, टाय बांधलेल्या जाड गृहस्थांनी, म्हणजे नवरीच्या वडिलांनी, हाताने खूण केली: होऊ द्या.

"गायचंय?" लमार पांढरा पडला. "थॅड, आपल्याला? गायचंय?"

मास्तरांच्या डोक्यात एकच हिशेब होता. जितका वेळ इथे जाईल, तितका वेळ आत्या आईपाशी बसेल. त्यांनी शाळेच्या प्रार्थनेला करत तसा हात वर केला. आता प्रश्न आला, काय गायचं. सगळ्या मझीकांना शब्दांसकट येणारं एकच गीत होतं, कारण घरात मयती नेमाने होत असत. शवपेटी खाली सोडताना म्हणायचं ते गीत. त्यांनी तेच म्हटलं. बायकांनी एका पट्टीत, पुरुषांनी दुसऱ्या, आणि लमारने फिलाडेल्फियातल्या.

नवरी वडिलांचा हात धरून त्या सुरांत निघाली. पाहुण्यांतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "कोण गेलं गं?" दोघातिघांनी टोप्या काढल्या. मझीक मात्र एकदा म्हणायला लागले ते थांबेनात. तिसऱ्या कडव्याला बायका रडू लागल्या, कारण त्या गीताला रडायची त्यांना सवय होती. आणि यंदा कुणासाठी रडायचंय तेही ठाऊक होतं. मास्तर हात हलवत राहिले.

शेवटच्या कडव्यात खरा गायकवृंद येऊन पोचला. निळे झगे, हातात चोपड्या, सगळे सुरात धापा टाकत. व्यवस्थेच्या मुलीने त्यांच्याकडे बघितलं, मग यांच्याकडे. तिचं तोंड उघडलं ते मिटेना. आणि नेमकी तेव्हाच वर्डेल एकटी धावत आली. धावताना तिचा एक बूट कुठेतरी पडला होता.

"थॅडियस, चल," ती म्हणाली. "काही विचारू नको. चल."

कुंपणवेलीमागे, नदीच्या अलीकडे, जुन्या देवदारांखाली एक लांबलचक पांढरा डबा उभा होता, चाकांवरचा. पायऱ्यांना लाल गालिचा, दारापाशी फुलांच्या कुंड्या, आतून मंद संगीत. अर्धवट उघड्या दारातून आतलं छोटंसं झुंबर दिसत होतं. पाहुण्यांसाठी आणलेली शौचालयं होती ती.

डब्याच्या चाकांखाली, आजूबाजूला, पार झाडांपर्यंत जमीन ठिकठिकाणी माणसाच्या लांबीएवढी खचलेली होती. दगड नव्हते, मझीकांना दगड कधी परवडले नव्हते. पण आत्याने घरी कितीदा सांगितलं होतं: आईच्या डोक्याशी निळ्या काचेचा जग ठेवलाय, शंख ठेवलेत, बंद पडलेलं घड्याळ ठेवलंय. त्यातलं काही नव्हतं. बागवाल्यांनी केव्हातरी कचरा म्हणून उचललं असणार.

आत्या गाडीत ताठ बसली होती. हात काठीवर, गुडघे एकमेकांना घट्ट चिकटवलेले.

"मी म्हटलं, आत्या, निदान आत जाऊन ये, सकाळपासून थांबलीयेस," वर्डेल रडत म्हणाली. "तर मला म्हणते..."

"आईच्या अंगावर?" आत्या म्हणाली. मोठ्याने नाही. मास्तरांकडे बघूनही नाही.

थॅडियस मास्तरांना राग येत नसे. उपमुख्याध्यापकाला तो परवडत नाही. त्या दिवशी आला तो कसा आला हे त्यांना आठवत नाही. एवढं आठवतं, की त्यांनी दोन बोटं तोंडात घालून मैदानावरची शिट्टी मारली आणि सगळे मझीक वेलीमागून धावत आले. "रांग!" मास्तर म्हणाले. "डब्यासमोर. खांद्याला खांदा. कुणालाही आत सोडायचं नाही." शाळेतल्या स्वच्छतागृहांवर पहारा देण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्या विद्येचा कुणाला काही उपयोग होईल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

लग्न लागलं. पाहुण्यांनी उन्हात बसून बर्फाचा गोड चहा ढोसला होता; त्यावर फेसाळ वाइन. लोक हसत हसत वेलीमागे येत, आणि समोर जांभळी भिंत.

"माफ करा," मास्तर प्रत्येकाला म्हणत, "इथे कबरी आहेत. दुसरीकडे बघा."

दुसरीकडे काही नव्हतं. हवेलीत नवरीच्या मैत्रिणी कपडे बदलत होत्या. बघता बघता वेलीमागे उंची कपड्यांतली माणसं गोळा झाली. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. व्यवस्थेची मुलगी कानातल्या यंत्रात किंचाळत होती. बागेचे व्यवस्थापक आले आणि म्हणाले, हा भाग आमचा नाही. गोल्फवाल्यांचा रखवालदार आला, म्हणाला, डबा आमचा नाही. मग पोलीस आला. लाल चेहऱ्याचा, मध्यमवयीन, घामेजलेला.

"कबरी कशावरून?" त्याने विचारलं.

"खाली बघा. तुम्ही एकीत उभे आहात," मास्तर म्हणाले. पोलीस बाजूला सरकला, तर दुसऱ्या खळग्यात पाय गेला. मास्तर पुढे म्हणाले, "घरच्या माणसांना कबरीपाशी यायला अडवता येत नाही. कायदा आहे तसा."

"असेल. विचारून सांगतो," पोलीस म्हणाला आणि फोन घेऊन झाडामागे गेला. तो खरंच विचारत होता की झाडामागे आणखी काही, हे कुणी बघितलं नाही.

नवरीही आली, झग्याचा घोळ उचलून. "काय आहे इथे?" तिने विचारलं.

"माझी आई," आत्या म्हणाली.

नवरी पायाखाली बघून दोन पावलं मागे सरली. तिचे ओठ हलले. "मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली, आणि ते खरंच असावं. मग वळून तिने त्या मुलीला हळूच विचारलं, की हा जांभळा रंग फोटोत येईल का.

लोक मास्तरांना विचारतात, पुढे त्यांना पाझर फुटला का? तसं सांगता आलं असतं तर गोष्ट जरा बरी झाली असती. पण झालं असं, की नवरीच्या वडिलांनी सकाळपासून सगळ्यांत जास्त चहा प्यायला होता. ते मास्तरांसमोर आले, खूप काही बोलायच्या तयारीने. "हे बघा मिस्टर म्युझिक," त्यांनी सुरुवात केली. मग त्यांच्या चेहऱ्यावरून एक कळ गेली. त्यांनी डोळे मिटले, आणि गरजले, "अरे हलवा तो डबा! कुठेही न्या! हवेलीसमोर लावा, पण आत्ताच्या आत्ता!"

कुणाच्या तरी मोठ्या गाडीला तो जोडला. झुंबर किणकिणलं, कुंड्या लवंडल्या, आणि डबा डुलत डुलत हवेलीच्या दर्शनी हिरवळीवर जाऊन उभा राहिला, जिथे सगळे फोटो काढायचे होते. त्याच्यामागून पाहुण्यांची वरात धावली. वर्डेलने आत्याला गाडीतून तिकडे नेलं आणि मझीकांनी बाजूला होऊन वाट करून दिली. आत्या सगळ्यांच्या आधी आत गेली. तिला कुणी अडवलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "साबण चांगला आहे." मग म्हणाली, "आता चला."

डबा होता तिथे गवत पिवळं पडलं होतं आणि चाकांनी माती उकरली होती. आत्याने गाडी लांब थांबवायला सांगितली आणि मास्तरांचा हात धरून उतरली. तिचं वजन हाताला लागतच नव्हतं. पहिल्या खळग्याशी ती थांबली.

"हीच का?" मास्तरांनी विचारलं.

"माहीत नाही."

ती जरा वाकली, आणि दारात उभं राहून शेजारणीशी बोलावं तशी म्हणाली, "मी सोफ्रोनियाची आयझेटा." मग पुढच्या खळग्यापाशी. "मी सोफ्रोनियाची आयझेटा." मग त्याच्या पुढच्या.

"आत्या, सगळ्यांना कशाला सांगतेस?" लमारने विचारलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्याने फिलाडेल्फियाचं नाव काढलं नव्हतं.

"यातल्या कुणाला ना कुणाला ती ठाऊक असेल. निरोप पोचवतील."

वर्डेलने मागून हळूच विचारलं, "मग, ठरलं का काही? जागेचं?"

"ठरलं. गावातच पुरा मला. रस्त्याच्या कडेला, दिव्याखाली. माझ्या अंगावर कुणी काही आणून ठेवलं, तर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं पाहिजे."

हवेलीकडे वाद्यं सुरू झाली होती. माणसं नाचत असावीत. पोलीस झाडामागून परत आला आणि टोपीने वारा घेत म्हणाला, "वरून अजून काही उत्तर नाही. साहेब, अजून किती वेळ लागेल?"

एरवी मास्तर म्हणाले असते, माफ करा, झालंच. त्यांनी पुढे बघितलं. खळगे झाडांखालून उताराला लागले होते, उतारावरून गोल्फवाल्यांच्या तारेच्या कुंपणापर्यंत गेले होते, आणि कुंपणापलीकडच्या त्या गुळगुळीत हिरवळीवरही, तिरप्या उन्हात, एकामागून एक सावल्या पडलेल्या दिसत होत्या.

"ठाऊक नाही," मास्तर म्हणाले.

आत्या कुंपणापाशी पोचली होती. तिने काठीने खालच्या तारेवर टकटक केलं.

"थॅडी, ही वर धर."

कुंपणावर पाटी होती. मास्तरांनी ती वाचली, सवयीने, शेवटच्या शब्दापर्यंत. मग ते गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी तार वर धरली.